काळा घोडा : कुणी कुठे बसायचं?

मुंबईत ज्या गोष्टीवरून जागेला नाव पडलं ती गोष्ट गेली तरी नाव जात नाही. चर्चगेटला गेट नाही, धोबी तलावात पाणी नाही, आणि काळ्या घोड्याला कितीतरी वर्षं घोडाच नव्हता! तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो बिनचूक रिगल आणि फ्लोरा फाउंटनच्या मध्ये आणून सोडायचा.

गेल्या महिन्यात आमची पुण्याची भाचेमंडळी आली होती. त्यांना ‘मुंबईतला एखादा छान रस्ता’ पायी बघायचा होता. दुकानं हवीत, चित्रं हवीत, शिवाय खायला चांगलं मिळायला हवं, अशा अटी! मी त्यांना काळ्या घोड्याला घेऊन गेले आणि दोन तास इतिहास ऐकवला. (निवृत्त झाले तरी शिक्षिकेची खोड जात नाही. बिचाऱ्यांनी निमूटपणे ऐकलं.) परत आल्यावर वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं.

एक आधीच सांगते. या रस्त्यावरच्या इमारतींवर पुष्कळ लिहून झालं आहे. कुठली शैली, कमानी कशा, दगड कुठला, हे सगळं जाणकारांनी सांगितलेलं आहे. मला मात्र वर्गात इतिहास शिकवताना एक सवय लागली, ती म्हणजे कुठल्याही जागेबद्दल ‘इथे कुणाला येऊ देत होते आणि कुणाला बसू देत होते?’ असं विचारण्याची. काळ्या घोड्याला हा प्रश्न लावला, की दीडशे वर्षांची गोष्ट आपोआप उलगडते.

सुरुवात किल्ल्यापासून करू या. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो तो भाग खरोखरच तटबंदीच्या आत होता. तटाला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. आतल्या दक्षिणेच्या बाजूला गोऱ्यांची वस्ती आणि कचेऱ्या, उत्तरेच्या बाजूला पारशी, गुजराती व्यापारी. बाकीची मुंबई तटाबाहेर, मोकळं मैदान सोडून पलीकडे. १८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत हा तट पाडायला घेतला. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा वाहत होता, आणि तट म्हणजे नुसती अडचण झाली होती. तट गेला, पण त्याची खूण ‘रॅम्पार्ट रो’ या नावात उरली. रॅम्पार्ट म्हणजे तटाची भिंत. आजचा के. दुभाष मार्ग तो हाच. आणि समोरून जाणारा आजचा महात्मा गांधी रोड म्हणजे जुना एस्प्लनेड रोड, मैदानाच्या कडेचा रस्ता. शेजारच्या रोप वॉक लेनमध्ये गोदीतल्या जहाजांसाठी दोरखंड वळायचे, म्हणून ते नाव. आज तिथे लोक खेकडे खायला जातात!

तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत नवी मुंबई उभी राहिली. (वाशीची नव्हे हो!) त्या वेळच्या बड्या लोकांनी इथे इमारतींवर पैसा ओतला, आणि या परिसरात ठळक दिसतं ते ससून घराणं. डेव्हिड ससून हे बगदादी ज्यू. १८३०च्या दशकात मुंबईत आले आणि कापूस व अफू यांच्या व्यापारात गडगंज झाले. त्यांचे चिरंजीव आल्बर्ट यांनी प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डच्या, १८७५-७६ च्या भेटीची आठवण म्हणून त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा शहराला दिला. बोह्म या शिल्पकाराने केलेला हा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. आता गंमत बघा. पुतळा राजपुत्राचा, पैसे ससूनचे, शिल्पकार विलायतेतला. पण लोकांनी राजपुत्राकडे साफ दुर्लक्ष केलं आणि नाव दिलं ते घोड्याचं! साम्राज्यावर याहून साधी टीका दुसरी कुठली असेल, असं मी वर्गात म्हणायचे आणि मुलं हसायची.

आता बसण्याचा प्रश्न. पुतळ्यापासून थोड्याच अंतरावर वॉटसन्स हॉटेल होतं. जॉन वॉटसन नावाच्या कापड-व्यापाऱ्याने ते बांधायला घेतलं आणि १८७१ मध्ये ते सुरू झालं. त्याचा सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून इथे जोडला होता. लोखंडाचे सुटे भाग जोडून उभारलेल्या अशा इमारती तेव्हा जगातही थोड्या होत्या. मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत इथेच उतरला होता, आणि मुंबईच्या कावळ्यांनी त्याला इतकं छळलं की त्याने प्रवासवर्णनात त्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. पण हे हॉटेल होतं गोऱ्यांसाठी. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तिला पुरावा नाही असं इतिहासकार सांगतात. तरीही ती इतकी वर्षं टिकली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती खरी वाटण्यासारखी होती.

त्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, याच वॉटसन्समध्ये हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला गेला. लुमिएर बंधूंच्या माणसाने आणलेल्या सहा छोट्या फिती, आणि तिकीट एक रुपया. रुपया म्हणजे त्या काळात साध्या माणसाची कित्येक दिवसांची चहा-भाकरी. पण आठवड्याभरात हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि थोड्याच दिवसांत तिकिटं चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत झाली. सिनेमा हॉटेलातून निघून चार आण्यांवर आला तेव्हाच तो मुंबईचा झाला, असं मला वाटतं. त्या वर्षीच्या खेळांनी भारावलेले आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचंही चित्रण त्यांनीच केलं. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लागला. एका बंद दारामागे सुरू झालेली गोष्ट सतरा वर्षांत गिरगावातल्या पडद्यावर पोचली होती.

वॉटसन्सची पुढे एस्प्लनेड मॅन्शन झाली, खोल्या भाड्याने गेल्या, वकिलांच्या कचेऱ्या आल्या. २००५ मध्ये दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. ज्या जागेत फक्त निवडकांना प्रवेश होता, तिथे अखेर कुणालाच उरला नाही.

पण या रस्त्याचा स्वभाव सगळा वॉटसन्ससारखा नव्हता, म्हणून तर मला तो आवडतो. अगदी जवळ डेव्हिड ससून लायब्ररी आहे. पिवळसर मालाड दगडाची, कमानीची ही इमारत १८७० ची. पण संस्था तिच्याहून जुनी. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या काही तरुण यंत्रकारागिरांनी एकत्र येऊन शिकण्यासाठी, वाचण्यासाठी एक मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. त्यात यंत्रांचे नमुने ठेवायचे, व्याख्यानं व्हायची. ही मूळ संस्था. डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपये दिले आणि तिला ही देखणी जागा मिळाली. आत जिन्याशी त्यांचा पांढरा पुतळा आहे आणि मागे एक छोटी बाग. वरच्या मजल्यावर पाय लांब करून पडता येईल अशा लाकडी खुर्च्या, वारा आणि वर्तमानपत्रं. हातांना तेल लागलेल्या माणसांनी सुरू केलेल्या संस्थेला शहरातली इतकी मोक्याची जागा मिळाली, हे आजच्या जमिनीच्या भावात आपल्याला कल्पनेतही आणता येणार नाही.

लायब्ररीच्या शेजारीच एल्फिन्स्टन कॉलेज. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या प्रश्नाचं सगळ्यात बोचरं उत्तर या इमारतीत आहे. १९०८ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी या कॉलेजात आला. परळच्या चाळीतल्या एका खोलीतून. सयाजीराव गायकवाडांनी त्याला दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्रोफेसर म्युलर त्याला पुस्तकं द्यायचे, कपडेही द्यायचे. पण धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात लिहिलं आहे, की कॉलेजमधला हॉटेलवाला त्यांना चहा तर सोडाच, पाणीसुद्धा देत नसे. वॉटसन्समध्ये गोरे काळ्यांना घेत नव्हते याचा आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण काही पावलांवर, आपल्याच माणसाने आपल्याच माणसाला पाण्याचा पेला नाकारला, हे त्याच रस्त्यावर, त्याच काळात घडत होतं. मी नववी-दहावीला हे शिकवायचे तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगायचे. एक सांगून दुसरी गाळली तर तो इतिहास होत नाही.

आणि याच परिसरात, रॅम्पार्ट रोच्या कोपऱ्यावर, वेसाइड इन नावाचं एक रेस्टॉरंट होतं. चौकटीच्या कापडाची टेबलं, साधं इंग्रजी वळणाचं जेवण. बाबासाहेब पुढे इथे येऊन बसत, आणि राज्यघटनेचं काही काम त्यांनी इथल्या टेबलावर केलं, असं जुने लोक सांगतात. त्यातलं राज्यघटनेचं बाजूला ठेवलं तरी, ज्या विद्यार्थ्याला इथे चहा मिळत नव्हता तो याच चौकात खुर्ची ओढून बसला, एवढंच चित्र मला पुरेसं वाटतं.

आता चित्रांकडे वळू या, कारण भाचेमंडळींची दुसरी अट तीच होती. रस्त्याच्या वळणावरचं मोठं म्युझियम तुम्हाला माहीत आहेच. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने पायाभरणी केली, जॉर्ज विटेट यांनी आराखडा केला, मधे पहिलं महायुद्ध आलं तेव्हा तिथे लष्करी दवाखाना होता, आणि अखेर १९२२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आता त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. समोरचा कावसजी जहांगीर हॉल १९११ चा, तोही विटेटचाच. तिथे सभा व्हायच्या, मैफली व्हायच्या. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

पण म्युझियममध्ये असते ती जुनी, मानमान्यता मिळालेली कला. जिवंत चित्रकाराने आपलं काम लावायचं कुठे? स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत हा मोठाच प्रश्न होता. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९४९ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं ते याच रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत. या सहा जणांमधले हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरत आलेले. आरा तर घरगडी म्हणून राबले, गाड्या धुतल्या. कलेत कुणाला बसू द्यायचं, याचं उत्तर या माणसांनी स्वतःच देऊन टाकलं. पुढे आरांनी याच चौकातल्या आर्टिस्ट्स सेंटरसाठी कितीतरी वर्षं काम केलं आणि नव्या मुलांना जागा मिळवून दिली. ज्याला स्वतःला दार शोधावं लागलं, त्याने दुसऱ्यांसाठी ते उघडून धरलं.

आणि मग १९५२. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून, म्युझियमच्या आवारात जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. अशी गॅलरी हवी असा आग्रह धरणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर होते, तसे डॉ. होमी भाभाही होते. २१ जानेवारीला मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांनी तिचं उद्घाटन केलं. बाहेरून बघाल तर आजूबाजूच्या घुमट-मनोऱ्यांपुढे ती अगदीच बुटकी वाटते. काँक्रीटचं लाटेसारखं पुढे आलेलं छत, आणि खाली दोन-चार पायऱ्या. पण तिचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. तिथे आत जायला तिकीट नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

माझी आणि या गॅलरीची ओळख १९६९ सालची. मी चर्चगेटला एस.एन.डी.टी.मध्ये मराठी माध्यमातून बी.ए. करत होते. आमचं बिऱ्हाड परळला, वडील गिरणीत कारकून. घोडा मी लहानपणी बघितला होता, वडिलांनी दाखवला होता. १९६५ मध्ये तो तिथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. त्यामुळे मी कॉलेजात जायला लागले तेव्हा चौक रिकामाच होता. कॉलेज सुटल्यावर मैत्रिणीबरोबर चालत चालत आले आणि जहांगीरच्या पायऱ्यांशी दोघी उभ्या राहिलो. आत इंग्रजी बोलणारे लोक. आम्ही दोघी नऊवारीतल्या आयांच्या मुली, वेण्या घातलेल्या, हातात मराठी पुस्तकं. दारावरच्या शिपायाने आमच्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाला, “जा की आत, पोरींनो. बघायला पैसे पडत नाहीत.” त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. पण मला चित्र बघायला लावलं ते त्याच्या या वाक्याने.

आतली चित्रं मला त्या दिवशी काहीही कळली नाहीत! एका भिंतीवर नुसते निळे पट्टे होते. पण ‘न कळणाऱ्या गोष्टीसमोरही आपण उभं राहू शकतो, कुणी हाकलत नाही’, हे कळलं. शिक्षणाची पुष्कळशी सुरुवात तिथूनच होते असं मला पुढे नोकरीत दिसलं.

गॅलरीतच मागच्या बाजूला सामोवार होतं. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं. रेल्वेच्या डब्यासारखी लांब, अरुंद जागा, एका बाजूला म्युझियमची हिरवळ. पुदिन्याचा चहा, दही कचोरी, खिमा पराठा, पेरूचा रस. (खिम्याचं मला काय, ऐकीव! पण कचोरी मी खूप खाल्ली.) शेजारच्या टेबलावर नावाजलेला चित्रकार, पलीकडे नाटकवाले, त्याच्या पलीकडे कोर्टातला कारकून. आणि मुख्य म्हणजे एका चहावर कितीही वेळ बसा, कुणी उठवायला यायचं नाही. बाईमाणसाने एकटीने हॉटेलात बसणं तेव्हा घरात कुणाला रुचत नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी चहा प्यायले तो सामोवारमध्ये. पहिल्या पगारानंतर, १९७२ मध्ये.

दुकानांत माझं दुकान म्हणजे ऱ्हिदम हाऊस. १९४०च्या दशकात सुरू झालेलं, कोपऱ्यावरच्या गोलाईच्या इमारतीतलं. तिथे रेकॉर्ड विकत घ्यायच्या आधी ऐकायला छोट्या खोल्या होत्या. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हताच, त्यामुळे विकत घ्यायचा प्रश्न नव्हता! ह्यांना कुमार गंधर्वांचं वेड. लग्नानंतर सुट्टीच्या दिवशी आम्ही तिथे जायचो, हे एखादी रेकॉर्ड ऐकायला मागायचे आणि आम्ही दोघं त्या चिमुकल्या खोलीत उभे राहून ऐकायचो. काउंटरवरच्या मंडळींना आम्ही काही घेणार नाही हे पक्कं माहीत असणार. तरी ते रेकॉर्ड काढून द्यायचे. १९८१ मध्ये कॅसेट प्लेअर घेतला, तेव्हा पहिली कॅसेट अर्थातच तिथून आणली.

पुढे मी लालबागच्या शाळेत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरचा पगार थांबला. त्या वर्षी सहल काढायची कशी? वर्गणी मागायला तोंड नव्हतं. मग आम्ही दोन शिक्षिकांनी ठरवलं, म्युझियम बाहेरून दाखवायचं आणि आत न्यायचं ते जहांगीरमध्ये. खर्च फक्त बसचा, डबा घरचा. गॅलरीच्या पायऱ्यांशी पोचलो आणि बघते तर काय, मुलं एकेक करून चपला काढून ओळीत ठेवत होती! देवळासारखी. ज्यांच्या पायांत चपलाच नव्हत्या ती सरळ आत शिरली. मी ‘चपला घाला रे’ म्हणणार होते, पण म्हटलं, राहू दे. एका मुलाने विचारलं, “बाई, किती पैसे?” मी म्हटलं, “काही नाही.” तो म्हणाला, “मग हे कुणाचं आहे?” या प्रश्नाचं उत्तर देताना मी आख्खा तास घेतला असता, पण तेव्हा एवढंच म्हटलं, “तुझंही आहे.” तो चार वेळा आत-बाहेर करून आला. खरंच कुणी अडवतं का, ते बघत असणार!

या चौकावर ज्याने सगळ्यात बारीक नजर ठेवली तो माणूस म्हणजे अरुण कोलटकर. कोल्हापूरचा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारा कवी. वेसाइड इनमध्ये त्यांचं ठरलेलं टेबल होतं. तिथून खिडकीबाहेर बघत त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं ते काय, तर चौकातल्या वाहतुकीच्या बेटावर राहणारी माणसं, रस्ता झाडणाऱ्या बाया, भटकी कुत्री आणि सकाळी तिथे इडल्या घेऊन येणारी बाई. या कवितांचं ‘काला घोडा पोएम्स’ हे इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी ते गेले. ज्या चौकात राजपुत्राचा पुतळा होता, तिथे कोलटकरांनी फुटपाथवर नाश्ता करणाऱ्यांना बसवलं. त्यांच्या पुस्तकानंतर हा चौक कुणाचा, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आता जमाखर्च. वेसाइड इन कोलटकरांचं पुस्तक येण्याआधीच बंद झालं होतं. सामोवार ३१ मार्च २०१५ ला बंद झालं, ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीत. त्यांच्या जाण्याची कारणं वेगवेगळी. कुठे जागेचा वाद, कुठे लोक गाणी विकत घेईनासे झाले. त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण तिन्ही गेल्यावर एक गोष्ट या रस्त्यावरून कमी झाली, ती म्हणजे थोड्या पैशांत पुष्कळ वेळ बसण्याची सोय. नवी कॅफे सुंदर आहेत, कॉफी उत्तम मिळते. भाचेमंडळी खूष होती. पण यादी वाचून मी मनात हिशेब केला : त्या संपाच्या वर्षातला माझा विद्यार्थी, किंवा वेण्या घातलेल्या आम्ही दोघी, इथे बसलो असतो का? वॉटसन्सच्या दारावर रंग बघायचे, कॉलेजच्या हॉटेलात जात बघायचे. आता कुणी काही विचारत नाही, हसून स्वागत करतात. फक्त दर असे असतात की काही माणसं दाराशी येतच नाहीत. आणि जी येतच नाहीत, ती कुणाला अडवलेली दिसत नाहीत.

म्हणून जे शिल्लक आहे त्याचं मोल मला जास्त वाटतं. जहांगीरचं दार अजून बिनतिकिटाचं आहे. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, आणि ज्याला गॅलरीची तारीख मिळालेली नाही त्यालाही बघणारे मिळतात. १९९९ पासून दर फेब्रुवारीच्या सुमारास कलामहोत्सव भरतो, तोही विनामूल्य. त्यात हौशे-नवशे फोटोच काढत असतात अशी तक्रार काही लोक करतात. काढू देत की! आम्हीही पहिल्यांदा निळे पट्टेच बघितले होते.

आणि हो, घोडाही परत आला! २०१७ मध्ये श्रीहरी भोसले या शिल्पकाराने केलेला नवा काळा घोडा तिथे उभा राहिला. जुना अजून भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, राजपुत्राला पाठीवर घेऊन उभा आहे. नव्याच्या पाठीवर कुणीच नाही. भाच्याने विचारलं, “मावशी, यावर कुणाला बसवायला हवं होतं?” मी म्हटलं, कुणालाच नको. एकाला बसवलं की बाकीच्यांना खाली उभं राहावं लागतं.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा. आधी जहांगीर, मग फुटपाथवरची चित्रं, मग ससून लायब्ररीची पायरी. १८८४ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळही, केनेसेथ एलियाहू, गल्लीत शिरून बघाच. २०१९ मध्ये त्याचा सुरेख जीर्णोद्धार झाला आहे. सोबत घरातलं किंवा शेजारचं एखादं असं मूल न्या, ज्याला कुणी अशा ठिकाणी नेलेलं नाही. त्याने ‘किती पैसे?’ असं विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

परळ-लालबागच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्या सहलीचं तुम्हाला काय आठवतं ते जरूर कळवा.